एकदाच ओवाळतात

१

दिल्लीच्या विमानतळावर कौशिकला डुलकी लागली आणि तिथून सगळं बिघडलं, असं तो पुढे स्वतःला सांगत असे. सात वर्षं नेदरलँड्समध्ये काढलेला, मिनिटामिनिटावर नजर ठेवून आगगाड्या पकडणारा माणूस. पण घर तासाभरावर आलं असताना गेटसमोरच्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपला. जाग आली तेव्हा शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. काचेबाहेर जानेवारीचं धुकं होतं आणि जयपूरचं विमान जाऊन पाऊण तास झाला होता.

काउंटरवरच्या मुलीने त्याचा पास मशीनखाली धरला, स्क्रीन वाचला आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“सर, आप तो जा चुके हैं.”

“मतलब?”

तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवला. कौशिक नंदकिशोर शिराळकर, आसन चौदा सी, सहा वाजून एकवीस मिनिटांनी गेटमधून आत.

“अरे, मैं तो यहीं खड़ा हूँ न!”

“एरर होगा, सर. किसी और का पास आपके नाम पे स्कैन हो गया होगा.” ती बिचारी ओशाळली होती. “आपका बैग भी गया है.”

प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग विमानातून उतरवतात, असा नियम आहे. इथे प्रवासी चढला होता, त्यामुळे उतरवायचा प्रश्नच आला नव्हता. कौशिकने हातातला पास उलटसुलट करून पाहिला. गेटवर फाडून घेतात ते अर्धुक अजून त्याला चिकटलेलंच होतं.

पुढचं विमान संध्याकाळी, तेही धुक्याची मेहेरबानी असेल तर. आईला कळवावं तर फोनमध्ये परदेशी सिम, त्याचं रोमिंग बंद. विमानतळाचं वायफाय वापरायला ओटीपी हवा, आणि ओटीपी यायला भारतीय नंबर हवा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. शेवटी टॅक्सीने धौला कुआँ गाठून तो जयपूरच्या बसमध्ये बसला. वाटेत त्याला एकाच विचाराचं पुन्हा पुन्हा हसू येत होतं, की आपण चौदा सी वर बसून कधीच घरी पोचलोसुद्धा.

२

वडील, नंदकिशोर शिराळकर, बँकेत अधिकारी होते. कराडहून बदली होऊन जयपूरला आले ते बनी पार्कात घर घेऊन इथलेच झाले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले तेव्हा विमानं बंद होती. त्यांना अग्नी दिला तो शेजारच्या शेखावत अंकलनी, आणि कौशिकने ते तिकडे आइंडहोवनच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिलं. ते त्याला कधी पचलं नाही. आई, चारुलता, तेव्हापासून घरात एकटी. बहीण निशिगंधा पुण्यात, तिच्या संसारात गुंतलेली. म्हणून मग या वर्षी त्याने नोकरी सोडली, तिथला राहण्याचा परवाना परत केला, सामान जहाजाने रवाना केलं आणि कायमचा निघाला. परतीचे दोर स्वतःच्या हाताने कापून आला होता तो. आईजवळ राहायचं, तिचा मुलगा होऊन राहायचं, एवढंच त्याला हवं होतं.

सिंधी कॅम्पच्या बस अड्ड्यावरून ई-रिक्षाने घरी यायला दुपारचे चार वाजले. फाटक उघडून तो पायरीवर आला, घंटी दाबली आणि मुद्दाम उंबऱ्याबाहेर थांबला. त्याला माहीत होतं, लांबून आलेल्याला आई तसा आत घेत नाही. आधी भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन येणार, तीनदा ओवाळणार, तुकडा बाहेर टाकणार, डोळ्यांना पाणी लावणार, मग आत. वडील बँकेच्या तपासणीचे दौरे करून यायचे तेव्हा हे दर खेपेला चालायचं. इथे ज्वारीची मारामार, तर बाजरीची भाकरी करायची, पण करायची.

लहानपणी एकदा त्याने विचारलं होतं, “तो तुकडा कोण खातं, आई?”

“वाटेत जे माणसाच्या मागे लागलेलं असतं ना, ते. तेवढं दिलं की ते बाहेरच्या बाहेर परत जातं. आणि टाकल्यावर तिकडं बघायचं नसतं.”

खायचं खरं तर गल्लीतलं कुत्रंच. पण सात वर्षं परक्या देशात दार स्वतःच उघडून अंधाऱ्या घरात शिरणाऱ्या माणसाला त्या तुकड्याची किती आठवण यायची, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दार उघडलं. आई समोर उभी. केस पार पांढरे झालेले, हात पिठाने माखलेले.

“किल्ली घेऊन जायची की रे,” ती म्हणाली आणि वळून आत चालू लागली.

कौशिक पायरीवरच राहिला. “आई… तुकडा नाही ओवाळणार?”

“सकाळी ओवाळला की. एका प्रवासाला एकदाच ओवाळतात. ये, दार लाव, गार वारा येतोय.”

त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा तिने पाठीवर हात ठेवला, पण घाईत, चहा उतू जात असल्यासारखा. आणि त्याच्या जुन्या खोलीत पलंगाच्या पायाशी त्याची निळी बॅग उघडी पडलेली होती. कुलपाचे आकडे बरोबर जुळवून उघडलेली. आतले कपडे धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातले होते, आणि थंडीसाठी घेतलेलं निळं जॅकेट दाराच्या खुंटीला लावलं होतं.

३

माणसाचं डोकं मोठं सोयीचं यंत्र आहे. पुरेसा वेळ दिला की ते कशाचाही अर्थ लावतं. नवं सिम चालू झाल्यावर कौशिकने निशिगंधाला फोन केला, आणि दोघा भावंडांनी मिळून अर्थ लावला.

“मी त्या दिवशी दहाला आईला फोन केला होता, दादा. ती म्हणाली, आलाय, जेवून झोपलाय. मग मी कशाला उठवू?”

“मी तेव्हा बसमध्ये होतो, निशी.”

“मग बॅग घेऊन आलेला माणूस असेल. विमान कंपनीवाले घरपोच देतात ना? धुकं, त्यात मफलर गुंडाळलेला माणूस, हातात तुझी बॅग. तिनं त्यालाच ओवाळलं असणार!”

ती हसली, तोही हसला. आइंडहोवनला असता तर हा किस्सा त्याने चार जणांना रंगवून सांगितला असता. कुलपाचे आकडे आईला माहीत असणार, तिचंच जन्मसाल होतं ते. राहता राहिलं ‘जेवून झोपलाय’. मग निशिगंधा हळूच म्हणाली, “दादा, आईला एकदा डॉक्टरांना दाखव.”

मग रोजचं सुरू झालं. परत आलेल्या माणसाला आपल्याच देशात नव्याने दाखल व्हावं लागतं. आधारवरचा पत्ता, बंद पडलेलं बँकखातं, गॅसच्या कनेक्शनवर अजून वडिलांचंच नाव. आधार केंद्रात त्याच्या बोटांचे ठसे तीनदा लागले नाहीत. “विदेश में घिस गईं क्या?” तिथला माणूस गमतीने म्हणाला आणि त्याने पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पहाटे तीनला जाग, दुपारी पेंग, आणि भूक. ही भूक काही वेगळीच होती. पोटभर जेवून उठावं आणि हात धुताना पुन्हा पोटात खड्डा. पोट अजून तिकडच्या घड्याळावर चालतंय, असं त्याने ठरवून टाकलं.

जेवणाचंच एक त्याला खटकायचं. त्याच्या मुंजीत त्याचं नाव घातलेलं स्टीलचं ताट होतं, काठाशी ‘चि. कौशिक’ असं टिंबाटिंबांनी कोरलेलं. आई त्याला पाहुण्यांच्या ताटात वाढायची. त्याने एकदा आपलं ताट मागितलं.

“ते खरकटं आहे, आत्ताच झालंय जेवण,” आई म्हणाली.

मोरीत पाहिलं तर ताट खरंच तिथे होतं. कडेला मिठाची चिमूट आणि लिंबाची फोड पिळून ठेवलेली. लिंबाची फोड अशी सालीकडून उलटी दुमडून ठेवायची खोड घरात फक्त त्याला होती.

धुण्याभांड्याला संतोष यायची. इकडे संतोष हे बायकांचं नाव असतं, त्यावर तो आणि वडील पूर्वी फार विनोद करायचे. त्याने तिला विचारलं की हे ताट कोण वापरतं. तिने राखेचा हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

“आप ही तो खाते हो, भैया,” ती म्हणाली. मग पुन्हा घासायला लागत, “दो बार.”

शेखावत अंकल रोज सकाळी ओट्यावर उन्हाला बसत. लष्करातून निवृत्त झालेला, बेताचं बोलणारा माणूस. कौशिकने त्यांना त्या सकाळचं विचारलं, बॅग घेऊन आलेल्या माणसाचं.

“टैक्सी आई थी, बेटा. ड्राइवर ने बैग निकालके सीढ़ी पे रखा और गाड़ी में बैठ गया. फिर भाभीजी आरती-सी करने लगीं, जैसे आप लोग करते हो.”

“उस ड्राइवर की?”

“नहीं, वो तो जा चुका था.” अंकलनी हातातला पेपर घडी घालून मांडीवर ठेवला. “कोहरा बहुत था. मुझे तो सीढ़ी पे कोई दिखा नहीं. पर भाभीजी ऊपर देख रही थीं. जैसे किसी लंबे आदमी का मुँह देखते हैं.”

कौशिक सहा फुटांना एक इंच कमी होता.

४

संक्रांतीला जयपुरात खाली कोणी राहत नाही. सगळं गाव गच्चीवर असतं. आईने सकाळी तिळगूळ हातावर ठेवला, “गोड बोला” म्हणाली. कौशिकला ते ‘बोला’ कानाला टोचलं. पण म्हणतातच तसं, साऱ्या महाराष्ट्राला तसंच म्हणतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुपारी तो चौकातून दूध घेऊन येत होता. आभाळ पतंगांनी भरलेलं, गच्चीगच्चीवर भोंगे, “वो काटा!” चा ओरडा. वळणावरून त्यांच्या घराची गच्ची दिसते. त्याने सहज मान वर केली.

आई कठड्याशी उभी होती. हातात फिरकी, डोळ्यांवर दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि ती हसत होती. तो आल्यापासून ती अशी एकदाही हसली नव्हती. तिच्या शेजारी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. निळं जॅकेट, मान मागे टाकलेली, उजवा हात मांजाला हिसडे देत होता. कौशिकला वाटलं, कुणी ओळखीचा आहे. कोण ते पटकन आठवेना. मग लक्षात आलं की ही पाठ आपण कधी पाहिलेली नाही, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नसते.

दुधाची पिशवी हातातून कधी सुटली ते त्याला कळलंच नाही. फाटक, पायऱ्या, जिना. गच्चीच्या दारात तो धापा टाकत उभा राहिला.

आई एकटी होती. जॅकेट दोरीवर हँगरला लावलेलं होतं, वाऱ्याने त्याच्या बाह्या हलत होत्या. ‘घ्या! हे जॅकेट!’ असं म्हणून तो मोठ्याने हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. खालून पाहिलं की माणूस वाटणारच.

“काय झालं?” आईने विचारलं.

“काही नाही. पतंग कोणी चढवला, आई?”

तिच्या हातातल्या फिरकीतून मांजा वर गेला होता, ताणलेला. लांब आभाळात एक लाल पतंग शांत उभा होता. आईच्या बोटांना संधिवात. तिला साधी बरणीही उघडता येत नव्हती.

आई त्याच्याकडे पाहत राहिली, जरा अवघडून. पाहुण्याने घरातलं काही खासगी विचारावं तसं तिचं झालं. मग ती म्हणाली, “तुम्ही दूध आणायला गेला होतात ना?”

तिळगुळाचं ‘बोला’ साऱ्या महाराष्ट्राचं होतं. हे ‘तुम्ही’ फक्त त्याच्यासाठी होतं.

त्याने दोरीवरचं जॅकेट काढलं. कापूस भरलेलं, धुतलं की दोन दोन दिवस न वाळणारं. ते पूर्ण कोरडं होतं, आणि आतून ऊबदार.

५

गोपालपुऱ्याला एक डॉक्टर होते, म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासणारे. खाली कोचिंग क्लास, वर दवाखाना, जिन्यात मुलांची ही गर्दी. आई शहाण्यासारखी खुर्चीत बसली, पर्स मांडीवर धरून. कौशिक मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. तो मनात चक्क प्रार्थना करत होता, की आईला काहीतरी झालेलं असू दे. कुठल्या मुलाने आईसाठी असं मागितलं असेल? पण तिला आजार असला तर गोळ्या होत्या, तपासण्या होत्या. नसला तर काय होतं, तिकडे त्याला बघायचंच नव्हतं.

डॉक्टरांनी तारीख विचारली. आईने तारीख, वार आणि वर तिथीही सांगितली. शंभरातून सात सात वजा करत ती दोनपर्यंत आली, बँकेतल्या माणसाची बायको ती. घड्याळ काढायला सांगितलं तर गोल गरगरीत काढून अकरा वाजून दहा मिनिटं अचूक दाखवली.

“बहुत बढ़िया, माताजी,” डॉक्टर म्हणाले. “घर में कौन-कौन हैं?”

“हम तीन.”

“तीन कौन?”

“मैं. मेरा बेटा कौशिक, बाहर से लौट आया है.” हे सांगताना तिचा चेहरा उजळला. मग तिने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. “और ये.”

“ये कौन हैं?”

आईने आवाज खाली आणला, समोरच्याचा अपमान होऊ नये म्हणून आणतात तसा. “उसके पीछे-पीछे आए हैं. उसी दिन शाम को. भले आदमी हैं, तकलीफ़ नहीं देते. बस भूख बहुत लगती है इनको.”

डॉक्टरांनी कौशिककडे पाहून सहानुभूतीने मान हलवली आणि कागदावर औषधं लिहिली. अशा आजारात कधी कधी जवळचाच माणूस परका वाटतो, दुसरं सगळं शाबूत राहतं, असं त्यांनी बाहेर बोलावून समजावलं. त्या आजाराला लांबलचक नावही होतं. कौशिकने ते नाव फोनमध्ये लिहून घेतलं आणि परतताना रिक्षात दहादा वाचलं. नाव आहे म्हणजे आजार आहे. आजार आहे म्हणजे आपण आहोत.

रिक्षात आई त्याच्यापासून चार बोटं अंतर ठेवून बसली होती. न राहवून त्याने तिचा हात धरला.

“आई, मी कौशिक. बघ ना माझ्याकडे.”

तिने पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. फार कणव होती.

“तुम्हाला कुणी नाही का हो?” तिने विचारलं.

लहान मुलासारखा तो रडला, आणि तिने, कुणाही रडणाऱ्या माणसाला थोपटावं तसं, त्याला थोपटलं.

६

जहाजाने पाठवलेलं सामान दिल्लीच्या गोदामात येऊन पडलं होतं. पासपोर्ट घेऊन मालकाने स्वतः हजर राहायचं, असा कस्टमचा नियम. दोनदा फोन आले, तिसऱ्यांदा दंडाची भाषा सुरू झाली. कौशिकला जायचं नव्हतं. ज्या माणसाने सात वर्षांत अर्धा युरोप पालथा घातला, त्याला आता दिल्लीच्या बसची धास्ती वाटत होती. आपण घराबाहेर पडलो तर घर आपल्यावाचून पूर्ण होईल, अशी काहीतरी ती धास्ती होती. निशिगंधाला तो बोलला.

“दादा, एक दिवसाचं तर काम आहे. संतोषला राहायला सांग. आणि सामानात बाबांचं स्वेटर आहे ना, तू नेलेलं? ते बघून आईला आठवेल सगळं.”

ते त्याला पटलं. खरं म्हणजे, त्याने पटवून घेतलं.

निघायच्या सकाळी तो पिशवी खांद्याला लावून देवघरापाशी उभा राहिला. घरातून माणूस गावाला निघाला की आई त्याच्या तळहातावर दही ठेवते. कितीही घाई असो, वडिलांची गाडी सुटायची वेळ झाली तरी ठेवायची. कौशिकने तळहात पुढे केला.

आईने त्या हाताकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन पोळ्या कागदात गुंडाळून आणल्या आणि त्या त्याच्या हातावर ठेवल्या.

“वाटेत खा,” ती म्हणाली. “सांभाळून जा हो.”

त्यांच्या घरात कुणालाच ‘जा’ म्हणायची पद्धत नव्हती. तो पोळ्या पिशवीत घालून बाहेर पडला. फाटकाची कडी लावत असतानाच मागून आवाज आला. खसर, खसर. घरचं माणूस गावाला गेलं की ते पोचेपर्यंत केर काढत नाहीत, नाहीतर माणूस परतत नाही, हे तिनेच त्याला शिकवलेलं. संतोष तर नऊला यायची.

केरसुणी दिवाणखान्यातून निघाली, पायरीवर आली आणि थेट फाटकापर्यंत येऊन थांबली. त्याने वळून पाहिलं नाही. तो झपाझप चालत राहिला. अंगणात त्याच्या बुटांच्या ठशांवर केरसुणीच्या काड्यांच्या रेघा उमटलेल्या त्याला कोपऱ्यावरून दिसल्या, कारण शेवटी त्याने वळून पाहिलंच.

७

दिल्लीत काम एका दिवसात झालं नाही. होत नसतंच. गोदामाच्या ऑफिसात त्याच्या पासपोर्टवरचा फोटो आणि त्याचा चेहरा तीन जणांनी आळीपाळीने ताडून पाहिला. त्यांनी आपसात काहीतरी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी साहेब आल्यावर या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेब आलेच नाहीत. सामान मिळालं नाही, स्वेटर मिळालं नाही. पोळ्या पहिल्याच तासाला संपल्या होत्या. त्यानंतर त्याने छोले खाल्ले, पराठे खाल्ले, स्टेशनजवळ दोन थाळ्या खाल्ल्या, आणि प्रत्येक वेळी हात धुताना पोटात तोच खड्डा. आईच्या हातचं खाल्लं की थांबेल, असं त्याला आतून खात्रीने वाटत होतं. आईला फोन लागत होता पण ती उचलत नव्हती. निशिगंधाने मात्र उचलला.

“आत्ताच तर फोन ठेवला आपण, दादा,” ती म्हणाली. “काही राहिलं का?”

त्याने काही राहिलं नाही असं सांगितलं. दुसरं काय सांगणार होता?

बसने सिंधी कॅम्पला उतरला तेव्हा सकाळचे पावणेनऊ झाले होते आणि धुकं इतकं दाट, की ई-रिक्षावाल्याने यायला नकार दिला. तो चालत निघाला. दोन दिवसांचं जागरण, पोटात आग. कडुनिंबांची रांग, गेस्ट हाउसची पाटी, शेखावतांचा ओटा. अंकल पेपर घेऊन बसलेले होते. त्याने हात केला. अंकलनी धुक्यात डोळे बारीक केले, इकडून तिकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

फाटकाशी तो पोचला आणि घराचं दार उघडलं.

आई दारात उभी होती. अंगावर सणाला नेसायची हिरवी साडी. एका हातात ताटली, ताटलीत भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. म्हणजे तिला आठवलं. तिने ओळखलं. पोर गावाहून आलं की ओवाळतात, ते ती करणार होती, आणि या वेळी त्याच्यासाठी करणार होती.

“आलास बाळा?” ती म्हणाली. “दमलास ना?”

“हो, आई!” तो ओरडला. फाटकाची कडी धुक्याने गारठून घट्ट बसली होती, बोटांना दाद देईना. “आलो, थांब, आलो!”

ती हसली. तिने ताटली वर उचलली, एका उंच माणसाच्या तोंडापर्यंत, आणि ओवाळली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग तांब्यातलं पाणी बोटांना लावून तिने हात पुढे केला आणि हवेत, दोन डोळे असावेत तिथे, हलकेच टेकवला. तिच्यासमोर पायरीवर कोणी नव्हतं. कौशिक दहा पावलांवर फाटकाबाहेर होता, दोन्ही हातांनी कडी धरून.

“ये. आत ये.”

ती बाजूला सरली. कोणीतरी जवळून गेल्यावर वळते तशी तिची मान हळूहळू वळत गेली. दाराचा पडदा हलला. मग तिने तुकडा उचलला आणि बाहेर टाकला. टाकल्यावर तिकडे बघायचं नसतं, म्हणून तिने तोंड फिरवलं होतं.

“आई!”

तिच्या खांद्यांना किंचित कापरं सुटलं. हाक तिने ऐकली होती. पण ती वळली नाही. असल्या वेळी मागून कोणी हाक मारली तरी वळायचं नसतं, हेही तिनेच त्याला शिकवलं होतं. आतून एक निळी बाही पुढे आली, काळजीने तिच्या हातातला तांब्या घेतला आणि दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग पाटावर ताट ठेवल्याचा.

कौशिक फाटकाशी उभा होता. घंटी वाजवावी, अंकलना बोलवावं, निशिगंधाला फोन करावा, असं त्याच्या डोक्यात एकामागून एक येत होतं, आणि यातलं काही केल्याने काय होईल तेही त्याला दिसत होतं. गल्लीतलं कुत्रं धुक्यातून आलं, त्याच्यापासून हातभर अंतरावर थबकलं आणि शेपूट घालून माघारी गेलं.

तुकडा फाटकाच्या गजांखालून घरंगळत त्याच्या बुटापाशी येऊन पडला होता. तो खाली बसला. आधी नुसता पाहत राहिला. मग त्याने तो उचलला, आणि फुंकर मारून माती झाडली.

बाजरीची भाकरी होती, अजून गरम.